दर्यात भिंत नसते: एका सागरी जलतरणपटूच्या वेगाचा हिशेब

हे प्रकरण २०२४ च्या मे ते डिसेंबर या आठ महिन्यांतलं आहे. मुलीचं नाव, गाव आणि शाळा मुद्दाम दिलेली नाही. मुलीची आणि तिच्या आईवडिलांची लिहायला परवानगी आहे. मी तिचा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आणि पोहण्यातला मार्गदर्शक. यातल्या दोन मोठ्या चुका माझ्या आहेत. किनाऱ्यावरच्या गावांतून पोरांना पोहायला शिकवणारे जे शिक्षक आणि पालक आहेत, त्यांच्यासाठी त्या सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, नववीची परीक्षा दिलेली. गाव सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचं, एका अंगाला खाडी. वडिलांची पात, म्हणजे छोटी होडी आहे, सकाळी जाळं टाकून येतात. आई मासळी विकते. आजोबांनी तिला सहाव्या वर्षी खाडीत पोहायला शिकवलं. भरती पूर्ण भरून पाणी थिर झालं की पोटाखाली हात धरून. नवव्या वर्षापासून ती वडिलांच्या होडीच्या बाजूने किनाऱ्याला समांतर पोहायची.

आमच्याकडे हिवाळ्यात सागरी शर्यतींचं वेड असतं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी राज्यभरातून पोहणारे येतात, लहान-मोठ्या अंतरांच्या शर्यती होतात, आणि गावोगावची पोरं त्या बघत मोठी होतात. ही मुलगीही तशीच. २०२३ च्या डिसेंबरात ती तीन किलोमीटरची एक सागरी शर्यत तिच्या गटात सातवी आली होती.

तिची पोहण्याची ढब पूर्णपणे दर्याची. हात लांब, कोपर उंच, श्वास दोन्ही बाजूंनी, दर आठ-दहा हातांनी डोकं किंचित वर काढून किनाऱ्यावरची माडाची रांग नाहीतर देवळाचा कळस बघून घ्यायचा. पाय जवळजवळ गप्प. दोन हातांच्या एका फेरीत पायांचे दोनच ठोके. लांब अंतराला हेच शहाणपणाचं आहे, कारण मांडीचे मोठे स्नायू प्राणवायू फार खातात आणि त्या मानाने पुढे कमी ढकलतात. पन्नास मीटरच्या शर्यतीत मात्र बहुतेक पोहणारे एका फेरीत सहा ठोके मारतात.

तलाव आम्हाला लांब. सर्वांत जवळचा पंचवीस मीटरचा तलाव एसटीने सव्वा तासावर. आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात तीनदा जाणं जमायचं. बाकी दिवस समुद्र, तोही ऑक्टोबर ते मे.

अडचण काय होती

शालेय स्पर्धांमध्ये ती जिल्ह्यात पहिली यायची, पण त्याचं फार कौतुक करण्यासारखं नव्हतं, कारण आमच्याकडे तलावातल्या शर्यतींना मुलं मोजकी उतरतात. खरी परीक्षा विभागाला. आमचा विभाग कोल्हापूर, म्हणजे घाटावरच्या मुलींशी गाठ. कोल्हापूरची पोहण्यातली परंपरा वेगळी सांगायला नको. वीरधवल खाडे तिथलाच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं कांस्यपदक त्याच्या हातून एका शतांश सेकंदाने गेलं: त्याचे २२.४७, तिसऱ्याचे २२.४६. हे मी मुलांना नेहमी सांगतो. पन्नास मीटरला हिशेब कुठवर जातो, हे त्यावरून कळतं.

मे महिन्यात तिची चाचणी घेतली. पंचवीस मीटरच्या तलावात, सगळं फ्रीस्टाइल: ५० मीटर ३६.० सेकंद, १०० मीटर १ मिनिट १६.४, २०० मीटर २ मिनिटं ४१, ४०० मीटर ५ मिनिटं ३३.

हे आकडे नीट पाहावेत असे आहेत. शंभर मीटरला तिचा वेळ पन्नासच्या दुपटीपेक्षा जेमतेम साडेचार सेकंद जास्त. चारशेला प्रत्येक शंभरामागे सरासरी ८३ सेकंद, म्हणजे अंतर चौपट झालं तरी वेग आठ टक्क्यांच्या आसपासच उतरतो. दोनशे आणि चारशेच्या वेळांतला फरक अर्धा केला की न थकता बराच वेळ टिकेल असा वेग साधारण कळतो. तो शंभरामागे ८६ सेकंद निघाला. दम भरपूर, वेग कमी. मी वहीत लिहिलं, "स्प्रिंट वाढवणे." माझी पहिली चूक या दोन शब्दांत आहे, पण ती कळायला मला ऑगस्ट उजाडावा लागला.

तिला स्वतःला पन्नास मीटर हवी होती. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, ती शर्यत सगळ्या शाळेक दिसता. तीन किलोमीटर फक्त होडयेतल्या माणसाक दिसतत." आईच्या मनात दहावीचे खेळाचे वाढीव गुण होते. वडिलांना यातलं काहीच पटत नव्हतं. मुलगी दर्यात चांगली पोहते, तिला दर्यातच पोहू द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

समोर असलेले पर्याय

मे अखेरीस आम्ही चौघं त्यांच्या पडवीत बसलो.

तलावाच्या शर्यती सोडून फक्त सागरी शर्यतींची तयारी करायची, हा वडिलांचा पर्याय. खर्च सर्वांत कमी, आणि मुलीच्या अंगच्या गुणाला धरून. पण मुलगीच नाराज. उलट बाजूने, वर्षभर समुद्र बंद करून फक्त छोट्या अंतरांवर लक्ष द्यायचं, हेही बोलून पाहिलं. त्यासाठी आठवड्याला चार-पाच दिवस तलाव लागला असता, तो एसटीच्या वेळापत्रकात बसत नव्हता.

तिसरा पर्याय दोन्ही एकत्र चालवायचा: प्रत्येक सरावात आधी लांब पोहणं, मग वेगाचं काम. चौथा, वर्षाचे तुकडे पाडायचे; काही आठवडे वेगाला, काही दमाला, आणि एकाच्या काळात दुसरं जेमतेम टिकेल एवढंच ठेवायचं.

मी तिसरा निवडला. पावसाळ्यात समुद्र बंदच असतो. जून-जुलैत मासेमारी बंद, वडील घरी, तलावाचे तीन दिवस मिळणार होते. इतका प्रवास करून जायचं तर एका फेरीत दोन्ही कामं उरकावीत, असा तो विचार. वाचायला तो विचार आजही चुकीचा वाटत नाही. एसटीचे पैसे मोजणाऱ्या कुठल्याही शिक्षकाने तोच केला असता.

पहिला निर्णय आणि तो कुठे चुकला

जून ते मध्य ऑगस्ट सरावाचा साचा असा होता. आधी दोन किलोमीटर मध्यम वेगाने. मग हातांना पॅडल, म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या, बांधून चारशे मीटर, ताकदीसाठी. मग पंचवीस मीटरच्या सोळा फेऱ्या, जीव तोडून, मधे वीस सेकंद विश्रांती. घरी रोज सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून हात ओढण्याचा व्यायाम.

पंचवीस मीटरच्या त्या फेऱ्यांना मी वेगाचा सराव म्हणत होतो. तो वेगाचा सराव नव्हता. अगदी पूर्ण जोर लावला की पहिली आठ-दहा सेकंदं स्नायू आपल्यातच साठवलेल्या शक्तीवर चालतात. ती संपत आली की साखर प्राणवायूवाचून जाळली जाते, आणि हातपाय जड होतात. त्यापुढे मिनिटं वाढत जातील तसा कारभार प्राणवायूच्या हाती जातो. शक्तीची ही तीन कोठारं. पन्नास मीटरचा खेळ मुख्यतः पहिल्या दोन कोठारांचा. तीन किलोमीटरचा जवळजवळ सगळा तिसऱ्याचा. पहिलं कोठार अर्धं भरायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, पुरतं भरायला तीन मिनिटं आणि वर. मी वीस सेकंद देत होतो, आणि तेसुद्धा दोन किलोमीटर पोहून झाल्यावर.

वहीत नोंद आहे: पहिली फेरी १७.४ सेकंद, आठवी १९.८. आठव्या फेरीत ती शर्यतीच्या वेगाच्या जवळपासही नव्हती. थकलेल्या अवस्थेत हळू पोहण्याचीच सवय आठवड्यातून तीनदा तिच्या अंगी लावत होतो. पोरगी धापा टाकते आहे म्हणजे वेग वाढतो आहे, असं मी धरून चाललो. तलावाच्या काठावर उभं राहणाऱ्या आम्हा मंडळींचा हा फार जुना गैरसमज आहे.

त्यातच २ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकेव्हॉयने २१.२५ सेकंदांत मिळवलं. त्याने आठवड्याचं पोहणं तीस किलोमीटरच्या आसपासवरून अगदी दोन-तीन किलोमीटरवर आणलं, आणि उरलेला वेळ ताकद व निव्वळ वेगाला दिला, हे वाचून मी हललोच. लांब पोहणं तिथल्या तिथे बंद करावं, असं दोन दिवस डोक्यात होतं. मग शांतपणे विचार केला. तो तिशीचा माणूस, त्याच्या खांद्यांमागे पंधराएक वर्षांचं अवजड पोहणं जमा आहे, आणि त्याला फक्त एक लांबी पोहायची आहे. माझी मुलगी पंधराची, आणि तिला डिसेंबरात तीन किलोमीटर जायचं आहे. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच होती: वेगाचं काम ताज्या अंगाने, थोडं आणि पूर्ण विश्रांती देऊन. नेमकी तीच मी तेव्हा घेतली नाही. फेऱ्या सोळाच्या वीस केल्या.

१० ऑगस्टला पुन्हा चाचणी. पन्नास मीटर ३६.४, चारशे मीटर ५ मिनिटं ४१. अडीच महिने घाम गाळून वेगही गेला होता आणि दमही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सर, चेडवाचो खांदो दुखता. रात्री त्या कुशीर झोपाक मिळत नाय." ती पंधरा दिवस हे लपवत होती. मी कधी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांनी तीन आठवडे हात वर उचलून पोहणं बंद केलं. पॅडल, रबरी ट्यूब आणि थकलेल्या खांद्याने जोरात ओढणं, हे तिन्ही एकाच महिन्यात वाढवल्याचा तो परिणाम होता. पंधराव्या वर्षी शरीर अजून वाढत असतं. तेव्हा एका वेळी एकच ओझं वाढवायचं असतं.

थांबल्यावर केलेली मोजणी

त्या तीन आठवड्यांत पोहणं नव्हतं, म्हणून मी चाचणीचा व्हिडिओ काढून बसलो. तिचा भाऊ तलावाच्या कडेने चालत फोनवर तो काढत होता. आमच्या शाळेच्या एका पालकाने गेल्या वर्षीच्या विभागीय शर्यतीचा असाच व्हिडिओ काढला होता. त्यात पहिली आलेली मुलगी ३२.६ सेकंदांत पोहली होती, तीही पंचवीस मीटरच्याच तलावात. दोन्ही व्हिडिओ एक एक चित्र पुढे सरकवत पाहिले. तलावात पाठीवर पोहणाऱ्यांसाठी भिंतीपासून पाच मीटरवर झेंड्यांची दोरी असते आणि पंधरा मीटरवर खूण असते, त्या खुणांवरून शर्यतीचे तुकडे पाडले. अशा मोजणीत सेकंदाचा दहावा हिस्सा इकडेतिकडे होतो, ते धरूनच आकडे घ्यावेत.

सुरुवातीच्या उडीपासून पंधरा मीटरपर्यंत: आमची १०.५ सेकंद, ती ८.४.

भिंतीकडे येतानाचे पाच मीटर, वळण आणि सुटतानाचे पाच मीटर: आमची ८.०, ती ६.९.

उरलेले पंचवीस मीटर, म्हणजे निव्वळ पोहणं: आमची १७.९, ती १७.३.

एकूण फरक ३.८ सेकंद. त्यातले ३.२ उडी आणि वळणात. पोहण्यात हरलेले फक्त ०.६.

मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. पाण्याच्या पृष्ठभागावर आमच्या मुलीचा वेग सेकंदाला १.४ मीटर होता. त्या वेगाने नुसती पोहत गेली असती तरी पंधरा मीटरला १०.७ सेकंद लागले असते. म्हणजे ठोकळ्यावरून मारलेल्या उडीने तिला दोन दशांश सेकंद मिळत होते, बस. वळणाला तर भिंतीला पाय लावून सुटण्याचा फायदा मिळायला हवा. तिथे ती उलट जवळजवळ एक सेकंद गमावत होती. भिंत जवळ आली की दोन हात आधीच वेग काढायची, डोकं वर उचलून भिंत बघायची, आणि सुटल्या सुटल्या वर यायची.

दुसऱ्या दिवशी तिला दाखवलं. बघून तिने मला विचारलं, "सर, दर्यात भिंत खय असता?"

सहाव्या वर्षापासून नऊ वर्षं ती पोहत होती, आणि त्यात उडी व वळण यांचा सराव सगळा मिळून काही तासांचा. मी मात्र तीन महिने तिच्या खांद्यांकडे वेग मागत होतो. वेग की दम, या वादात आम्ही मे महिन्यात शिरलो, पण सेकंद नेमके कुठून गळतात हे त्याआधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर काय केलं

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी हळूहळू पोहायला परवानगी दिली. तेव्हा चौथा पर्याय घेतला, वर्षाचे तुकडे. ऑक्टोबरातल्या विभागीय स्पर्धेपर्यंत वेग, त्यानंतर डिसेंबरपर्यंत दम. पॅडल कपाटात गेली ती कायमची.

तलावाचे दोन दिवस पूर्ण बदलले. अंग गरम झालं की लगेच, ताज्या दमात, उडी आणि वळण. भिंतीपासून पाच मीटर अलीकडून पूर्ण वेगाने यायचं, डोकं न उचलता तळाची रेघ संपते तिथे कोलांटी घ्यायची, पाय लावायचे, हात कानांमागे घट्ट जोडून सुटायचं, आणि चार ठोके मारल्याशिवाय वर यायचं नाही. फ्रीस्टाइलमध्ये पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहायला नियमाने मुभा असते. तिला सहा-सात मीटर जमले तरी पुरे होते. अशी दहा-बारा वळणं, प्रत्येकानंतर बाहेर येऊन चालत परत. मग पंचवीस मीटरच्या सहा फेऱ्या, मधे तीन मिनिटं. कुठलीही फेरी पहिलीपेक्षा अर्ध्या सेकंदाने हळू आली की त्या दिवशीचा वेग संपला, मग आरामात पोहायचं. हा नियम मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला, कारण मोडण्याचा मोह मलाच होत होता.

पहिल्या आठवड्यात सहा फेऱ्यांऐवजी चारच झाल्या. एवढा प्रवास करून मुलगी शंभर मीटर जोरात पोहते आणि बाकी वेळ काठावर बसून असते, हे तिच्या आईला विचित्र वाटलं. मलाही वाटत होतं.

हातांचं एक दुखणं इथेच लक्षात आलं. जोरात पोह म्हटलं की ती हात भराभर फिरवायची, पण छोटे. पंचवीस मीटरला एरवी १९ हात, जोरात २४, आणि वेळ जवळपास तोच. पाणी पकडण्याऐवजी ते घुसळत होती. मग २१ हातांची मर्यादा घालून त्यात जितकं जलद जमेल तितकं पोहायला लावलं. पायांचे सहा ठोके मात्र तिला शेवटपर्यंत नीट बसले नाहीत. चार बसले, त्यावर समाधान मानलं.

भिंतीचा सराव गावात करता आला असता तर किती बरं झालं असतं. जेटीची भिंत आहे, पण तिला धारदार शिंपल्यांची कालवं चिकटलेली. पाय लावला की तळवा फाटणार. तो विचार लगेच सोडला. उडीसाठी मात्र वडिलांनीच वाट काढली. ऑक्टोबरात पाणी निवळल्यावर, भरतीच्या वेळी, दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोल पाण्यात पात उभी करून नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, तिला उड्या मारायला लावल्या. होडी मागे सरकते, म्हणून पायाचा रेटा तिथे शिकता येत नाही. पण डोकं हातांच्या आत ठेवून एकाच भोकातून सगळं अंग पाण्यात जाणं, हे ती तिथेच शिकली. उथळ पाण्यात हा प्रकार कुणीही करू नये. मान मोडायला एक उडी पुरते. आमच्याकडे दर वेळी होडीत दोन माणसं असायची आणि वल्ह्याने आधी खोली बघितली जायची.

विभागीय स्पर्धा झाल्यावर दुसरा टप्पा. समुद्र आठवड्यातून चार दिवस, तलाव एकदा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटलेला असतो, किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा धरला की लाट वाढते. म्हणून तीन दिवस सकाळी आणि एक दिवस मुद्दाम संध्याकाळी लाटेत. भरतीची वेळ रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे वेळापत्रक घड्याळावर न लावता पंचांगावर लावलं. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात, प्रवाह मंद, तेव्हा मोजून पोहायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात आकड्यांचा नाद सोडून फक्त ठरलेला वेळ पोहायचं. मोजण्यासाठी नायलॉनच्या दोरीने पन्नास मीटर मापून दोन बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, दगडांवर नांगरले. जाताना आणि येताना मिळून वेळ धरला की प्रवाहाचा हिशेब बराचसा वजा होतो.

वेग पार सोडला नाही. तलावाच्या एका दिवशी सहा जोरदार फेऱ्या आणि दहा वळणं चालू ठेवली. आणि समुद्रातल्या प्रत्येक लांब पोहण्याचे शेवटचे दोनशे मीटर पूर्ण जोराने. दमाच्या शर्यतीही शेवटी वेगावर सुटतात, हे तिला पटवायला एक आकडा पुरला: २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या दहा किलोमीटरला पहिल्या दोघांची वेळ एकच लागली, १ तास ५२ मिनिटं ५९.८ सेकंद, नेदरलँड्सचा फेरी वेर्टमन आणि ग्रीसचा स्पायरोस यान्निओटिस. पावणेदोन तासांच्या वर पोहून निकाल छायाचित्रावर लागला.

खांद्यासाठी एक नवी सवय लावली. रोज सरावाआधी तिने दुखण्याला शून्य ते दहात आकडा द्यायचा, आणि तीनच्या वर गेला की त्या दिवशी फक्त पाय. सुरुवातीला ती रोज "शून्य" म्हणायची. एकदा मी तिला सांगितलं की तीन म्हटल्याने शर्यतीतून नाव कटत नाही. दुसऱ्या दिवशी दोन आला, आणि मला हायसं वाटलं.

निकाल

विभागात पन्नास मीटर ३३.९ सेकंद, तिसरी. राज्याला गेली नाही. ऑगस्टच्या मानाने अडीच सेकंद कमी. त्यातले उडीचे १.४, वळणाचे ०.७, पोहण्याचे ०.४. चारशे मीटरला ५ मिनिटं ३८, म्हणजे मेपेक्षाही पाच सेकंद हळू. तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती आणि नंतरचे कमी अंतराचे आठवडे यांची ती किंमत होती. ती किंमत पडणार हे मला ठाऊक होतं. मुलीला मी आधी सांगितलं नव्हतं. पाण्याबाहेर आली तेव्हा पन्नासचा आनंद बाजूला राहिला आणि चारशेवरून ती रडली. तिथे मी कमी पडलो.

डिसेंबरात तीन किलोमीटरला तिच्या गटात चौथी. शेवटच्या टप्प्यात दोघींना मागे टाकलं, ते होडीतून वडिलांनी पाहिलं. आल्यावर मला म्हणाले, "शेवटाक पाय चललेले तिचे."

आज पुन्हा करायचं झालं तर

मोजणी मे महिन्यातच करीन. त्यासाठी एक फोन, एक भाऊ आणि झेंड्यांची दोरी लागली. पैसे एकही लागले नाहीत. ती आधी झाली असती तर जून ते ऑगस्ट हे तलावाचे तीन दिवस उडी आणि वळणाला मिळाले असते, आणि खांदा कदाचित वाचला असता. इथे एक सावधगिरी हवी. आमच्या शर्यती पंचवीस मीटरच्या तलावात होत्या. पन्नास मीटरच्या तलावात पन्नासच्या शर्यतीला वळणच नसतं, तिथे हा सगळा हिशेब बदलतो आणि पायांच्या ठोक्यांचं दुखणं जास्त महाग पडतं. माझे आकडे उचलू नयेत, आपल्या मुलाचे काढावेत.

दोन्ही कामं एकाच सरावात घेणं मुळातच चूक होतं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. क्रम उलटा असता, म्हणजे आधी ताज्या अंगाने थोडा वेग आणि मग लांब पोहणं, तर तिसरा पर्यायही चालला असता असं मला वाटतं. लांबून एसटीने येणाऱ्या मुलांना तुकडे पाडून वर्ष आखण्याची चैन दर वेळी परवडत नाही, त्यांनी हा उलटा क्रम करून पाहावा.

आणि कुठल्या टप्प्यात कुठला आकडा खाली जाणार, हे मुलाला आधी सांगायला हवं. आता मी ते वहीत लिहून त्याखाली सही घेतो.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच पडवीत बसलो. या वेळी आधी तिलाच विचारलं. तिने चारशे मीटर आणि सागरी शर्यत निवडली, पन्नास सोडली. उडी आणि वळण मात्र सोडायचं नाही म्हणाली. पंचवीस मीटरच्या तलावात चारशेला पंधरा वळणं येतात, हे तिने स्वतःच मोजून ठेवलं होतं.

वडील जाळं विणत ऐकत होते. जेटीच्या भिंतीवरची कालवं खरवडून तिथे फळी ठोकता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. पाणी चढतं-उतरतं तिथे फळी कशी टिकेल, त्यावर आमचं बोलणं अंधार पडेपर्यंत चाललं.